शॉपस्मिथ मार्क फाइव्ह: डायल फिरतो पण वेग बदलत नाही, पट्टा घसरतो. पार्ट मागवायच्या आधी हे बघा

हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. तक्रार साधारण अशी असते: गराज सेलमधून किंवा कुणाच्या तरी वडिलांच्या तळघरातनं जुनं शॉपस्मिथ आणलं, सुरू होतं, गुरगुरतं, पण वेगाचा डायल अर्ध्यात अडकतो, किंवा डायल फिरतो पण वेग तोच राहतो, किंवा लाकूड पात्याला लागलं रे लागलं की पातं थांबतं आणि जळका रबराचा वास येतो. मग माणूस इंटरनेटवर बघतो, मोटर मागवतो, बेअरिंगं मागवतो, खर्च मशीनच्या किमतीच्या वर जातो आणि वेग काही बदलत नाही. बहुतेक वेळा आत तुटलेलं काहीच नसतं, जुनं तेल वाळून त्यात भुसा बसलेला असतो, बस्स.

ज्यांना हे मशीन काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात हान्स गोल्डश्मिट नावाच्या जर्मनीहून आलेल्या माणसाने एकाच मोटरवर पाच कामं करणारं सुतारकामाचं मशीन काढलं. चक्री करवत, लेथ, उभं ड्रिल, आडवं ड्रिल आणि घासायची चकती, पाचही एकात. पहिलं गाजलेलं मॉडेल १०ईआर, १९४७ च्या सुमाराचं, मॅग्ना इंजिनिअरिंग कंपनीचं, आणि विकायचे माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानांतून, तिथे माणूस उभा राहून प्रात्यक्षिक दाखवायचा. मग १९५० च्या दशकात मार्क फाइव्ह आलं, आणि आज लोकांच्या गराजमध्ये जे दिसतं ते बहुतेक तेच. मॅग्नाकडून ते युबा कंपनीकडे गेलं, नंतर बंद पडलं, आणि १९७२ मध्ये ओहायोतल्या डेटनला जॉन फोकर्थ यांनी परत सुरू केलं. तुमच्याकडच्या मशीनच्या नावाच्या पट्टीवर मॅग्ना आहे, युबा आहे का डेटन, ते आधी बघून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

किमतीचं पण आत्ताच बोलून घेऊ कारण प्रश्नाबरोबर ते येतंच येतं, "तेव्हा कितीला होतं, आता कितीला घेऊ". १०ईआर १६९.५० डॉलरला होतं. वाचताना स्वस्त वाटतं. पण तेव्हा अमेरिकेत किमान मजुरी तासाला ४० सेंट होती, म्हणजे त्या मजुरीवर सव्वाचारशे तास, जवळजवळ साडेदहा आठवड्यांचा अख्खा पगार. आजच्या पैशात साधारण २,४०० डॉलर होतात. आणि आपल्याकडे त्या वेळी डॉलर ३.३० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साडेपाचशेच्या वर रुपये, १९४७ साली साडेपाचशे म्हणजे किती ते आजोबांना विचारा. शिवाय जोडण्या वेगळ्या घ्यायच्या, ४ इंची जॉइंटर, १८ इंची जिगसॉ, ११ इंची बँडसॉ, एकेक करत माणूस वर्षानुवर्षं घेत बसायचा. त्यामुळे विकणारा जेव्हा म्हणतो "माझ्या बाबांनी यात खूप पैसे घातलेत" तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण त्यावरून आजचा भाव ठरवू नका. आजचा भाव ठरतो हेडस्टॉकच्या, म्हणजे ज्यातनं पातं फिरतं आणि वेग बदलतो त्या मुख्य डब्याच्या अवस्थेवर, आणि हेडस्टॉकची अवस्था कळते नेमकी याच वेगाच्या तक्रारीतून. डायल अडकलेलं मशीन लोक "मोडलंय" म्हणून निम्म्या भावात देतात, ते बिनधास्त घ्या, अट एकच, खाली मी जे सांगतोय ते तिथल्या तिथे तपासून.

आता मुद्द्याचं.

पहिली चाचणी, काहीही न उघडता. करवतीचं पातं लावा, वेग करवतीच्या खुणेवर, आणि एखादी सरळ पाइनची पट्टी कापा. पातं मंदावलं की कान मोटरकडे द्या. मोटरचा आवाज तसाच राहिला आणि पातं तेवढं हळू झालं, तर मोटर ठणठणीत आहे, मधे कुठेतरी पट्टा घसरतोय. आणि मोटरचा आवाजच खाली बसला, घोगरा झाला, तर पट्टा सोडून द्या, आधी एक्स्टेन्शन वायर बघा. इथे दहातले निम्मे लोक सापडतात खरं सांगतो, दिवाणखान्यातली दिव्याची बारीक वायर लावून लोक करवत चालवतात. जाड १२ गेजची वायर घ्या, छोटी, आणि तरीही बसत असेल तर पातं बदला, बोथट पात्याने कुठलंही मशीन दमतं. हे दोन्ही करूनही मोटर बसते तरच मोटरचा संशय घ्या.

पट्टा घसरतोय असं ठरलं की पुढे. आतली रचना समजून घ्या, पाच मिनिटं लागतात आणि मग सगळं सोपं होतं. तुम्ही ॲक्टिव्हा किंवा जुनी कायनेटिक होंडा उघडलेली बघितली असेल तर तुम्हाला हे आधीच माहितीय. दोन पुल्या, प्रत्येक पुली दोन अर्ध्या शंकूंची, एक अर्धा घट्ट बसवलेला आणि एक शाफ्टवर मागेपुढे सरकणारा. अर्धे जवळ आले की पट्टा वर चढतो, पुली जणू मोठी होते, लांब गेले की पट्टा आत उतरतो, पुली छोटी. स्कूटरमध्ये हे काम वजनं आणि स्प्रिंग करतात, इथे एका पुलीचा सरकता अर्धा डायलच्या ताब्यात असतो आणि दुसऱ्या पुलीचा स्प्रिंगच्या. डायल फिरवला की आतला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, एका दातेरी पंख्यासारख्या तुकड्याला फिरवतो, तो पहिल्या पुलीचा अर्धा ढकलतो, आणि दुसरी पुली स्प्रिंगमुळे आपोआप जुळवून घेते. यातनं वेग मिनिटाला साधारण ७०० पासून ५,२०० फेऱ्यांपर्यंत मिळतो.

आता यात अडकू शकतं ते काय? ते दोन सरकते अर्धे. शाफ्टवर सरकायचं म्हणजे आत तेल पाहिजे, आणि शाफ्टबरोबर फिरायचंही म्हणजे मधे चावी (शाफ्टला बसवलेली छोटी धातूची पट्टी) आणि ती बसायची खाच. तेल वाळलं की गोंद होतो, त्यात सागवान पाइन मेपल सगळ्याचा पिठासारखा भुसा बसतो, आणि अर्धा जागच्या जागी चिकटतो. कुठला चिकटला ते लक्षणावरून सांगता येतं:

पट्टा ढिला पडून फडफडतोय, पंख्यासारखा फटफट आवाज, आणि ओझं आलं की घसरतोय: स्प्रिंगवाला अर्धा उघडा राहून चिकटलाय, स्प्रिंगची ताकद पट्ट्यापर्यंत पोचतच नाही.

पट्टा ताठ आहे पण डायल फिरवूनही वेग तोच: डायलने माघार घेतली, पण त्याच्या ताब्यातला अर्धा मागे आलाच नाही.

डायलच जड, एका बाजूला फिरतो आणि दुसऱ्या बाजूला जाताना दगड लागल्यासारखा थांबतो: स्प्रिंगवाला अर्धा बंद स्थितीत चिकटलाय, किंवा वर्मच्या दातांत भुसा कोंबला गेलाय.

तिसऱ्या प्रकारात जोर लावू नका. प्लीज. पकड पाना लावून डायल फिरवणारे लोक मी बघितलेत, वर्मचे नाहीतर त्या पंख्याचे दात जातात आणि मग खरंच पार्ट लागतो. आणि याच्या जोडीचा नियम, जो मशीनच्या अंगावर लिहिलेला असूनही कुणी वाचत नाही: मशीन बंद असताना डायल फिरवायचा नाही. पट्टा फिरता असेल तरच तो शंकूवर वर-खाली जागा बदलू शकतो, थांबलेला असला की तुम्ही नुसते लोखंड लोखंडावर दाबताय. दुकानात किंवा कुणाच्या गराजमध्ये बंद मशीनचा डायल "बघू फिरतो का" म्हणून फिरवणारा माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

साफ करायचं कसं. प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागायचं नाही, प्लग भिंतीतनं काढून स्वतःच्या खिशात किंवा डोळ्यांसमोर ठेवा. पट्ट्यावरचं झाकण काढा. आत टॉर्च मारा. पहिल्यांदा उघडणाऱ्याला आत भुश्याचं घरटंच दिसतं, ते व्हॅक्यूमने ओढून घ्या, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तो भुसा बेअरिंगात आणि मोटरमध्ये जातो. रंगाच्या जुन्या ब्रशने पुल्यांच्या फटी मोकळ्या करा. मग कुठली पुली स्प्रिंगची ते बघा, जिच्या मागे स्प्रिंग दिसते ती, आणि हाताने तिचा सरकता अर्धा दाबून बघा. लोण्यासारखा नाही पण एका लयीत सरकला पाहिजे आणि सोडल्यावर स्वतःहून परत आला पाहिजे. अडखळत आला किंवा आलाच नाही, तर चोर सापडला.

तेल कुठलं? शिलाई मशीनला टाकतो तसलं हलकं मशीन ऑइल. दोन थेंब शाफ्टवर, सरकत्या अर्ध्याच्या दोन्ही बाजूंना, जास्त नाही. डब्ल्यूडी-४० मारून मशीन सुटतं हे खरं आहे, आणि महिन्याभरात परत अडकतं हेही तितकंच खरं आहे, कारण ते उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. गोंद विरघळवायला वापरायचं असेल तर वापरा, पण मग पुसून काढून खरं तेल द्या. ग्रीस अजिबात नको, ग्रीसमध्ये भुसा रुतला की सहा महिन्यांनी परत हाच प्रश्न विचारायला याल. आणि पट्ट्यावर तेलाचा थेंब उडला तर लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसा.

तेल दिल्यावर झाकण बसवा, प्लग लावा, सगळ्यात हळू वेगावर सुरू करा, आणि डायल सावकाश हळूपासून जलदपर्यंत आणि परत, असं पाच-सहा वेळा न्या. पातं, चकती काहीही न लावता. सुरुवातीला मधे एखाददुसरा झटका लागेल, मग मऊ होत जाईल. झालं तर काम झालं, बहुतेकांचं इथेच होतं.

इथे झालं नाही तर पुल्या उतरवाव्या लागतात. त्या कामात घाबरण्यासारखं काही नाही पण स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली तर थेट तोंडावर येते, चष्मा लावा आणि मोकळा हात स्प्रिंगवर ठेवा. उतरवल्यावर शाफ्टवरची चावी आणि सरकत्या अर्ध्याच्या आतली खाच बघा. खाचेची कड गोल झाली असेल, किंवा शाफ्टवर ओरखड्यांचा चमकता पट्टा दिसत असेल, तर तेल कितीही घाला ते परत परत अडकणारच, कारण चावी खाचेत तिरपी बसून आवळते. बारीक कानशीने कड मारून, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने शाफ्ट साफ करून बऱ्याचदा जमतं. खाच फारच खाल्ली असेल तर तो अर्धा बदलायचा, आणि मशीन अजून विकत घ्यायचं असेल तर ही वेळ भाव पाडायची.

दुसरा पट्टा विसरू नका. वेग बदलणाऱ्या पट्ट्यानंतर अजून एक पट्टा असतो, जो शेवटी मुख्य शाफ्टला फिरवतो. जुन्या मार्क फाइव्हमध्ये तो दातेरी गिल्मर पट्टा असतो, नंतरच्यांत बारीक उभ्या रेघांचा पॉली-व्ही. गिल्मर घसरत नाही, तो किंचाळतो, तो आवाज म्हणजे बिघाड नव्हे, त्याचा स्वभावच तो, दात शाबूत असतील तर राहू द्या. पॉली-व्ही मात्र ढिला पडला की अगदी वर सांगितलेल्यासारखाच घसरतो, आणि लोक पुल्या साफ करत बसतात. त्याचा ताण एका एक्सेंट्रिक, म्हणजे भोक मधोमध नसलेल्या, बुशिंगने कमीजास्त करता येतो. फार ताणू नका, ताणला की बेअरिंग तापतं, दहा मिनिटं चालवून हेडस्टॉकला हात लावून बघा, हात ठेववत नसेल इतकं गरम म्हणजे ताण जास्त झालाय.

ज्यांच्याकडे १०ईआर आहे त्यांना यातलं अर्धं लागू होत नाही. त्यात मोटर मागे वेगळी टांगलेली असते आणि पायरीच्या पुल्यांवर पट्टा हाताने बदलायचा. त्याचं दुखणं वेगळं: वर्षानुवर्षं एकाच जागी ताणून ठेवल्यामुळे पट्ट्याला कायमचा बाक येतो आणि मशीन फिरताना धपधप करतं. नवा व्ही-पट्टा घाला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एवढंच. मला विचाराल तर देखभालीला १०ईआर बरं, मोटर गेली तर कुठलीही दुसरी लावता येते. पण वेगासाठी दर वेळी मागे वाकून पट्टा बदलायचा कंटाळा येतो हेही मान्य.

आता ग्रब स्क्रू, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू, आणि हे वाचल्याशिवाय जाऊ नका. वेगाचं दुखणं काढलं की मशीन एकदम जोरात चालायला लागतं, थरथर बदलते, आणि आधी ढिले असलेले स्क्रू तेव्हा उघडे पडतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा एक प्रसिद्ध निकाल आहे, ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स, न्यायमूर्ती ट्रेनर यांचा, आणि तो नेमका शॉपस्मिथवरच आहे. ग्रीनमन यांना १९५५ च्या नाताळात बायकोने हे मशीन भेट दिलं, १९५७ मध्ये त्यांनी लेथसाठी जोडण्या घेतल्या आणि एक मोठा ठोकळा लावून प्याला कातत होते. बऱ्याचदा नीट चाललं आणि मग ठोकळा उडून कपाळावर बसला. तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं की भाग धरून ठेवणारे स्क्रू अपुरे होते, नेहमीच्या थरथरीनेच लेथचं मागचं टोक ठोकळ्यापासून मागे सरकत गेलं. ६५,००० डॉलरची भरपाई कायम राहिली आणि सदोष वस्तूला उत्पादक जबाबदार हे तत्त्व अमेरिकेत त्यातून पक्कं झालं. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आलं. सत्तर वर्षं जुन्या मशीनसाठी मात्र तुम्ही कुठल्या कोर्टात जाणार, तेव्हा पाना हातात घ्या.

यासाठी ५/३२ इंचाची एलन की लागते, शॉपस्मिथवर जवळजवळ सगळीकडे तीच. भारतातनं आणलेल्या सेटमधली ४ एमएमची जबरदस्तीने घालू नका, ५/३२ म्हणजे ३.९७ एमएम, तेवढ्या फरकाने स्क्रूची खाच खराब होते. पातं किंवा चकती धरणाऱ्या आर्बरचा स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे, गोल भागावर आवळलेला स्क्रू आवळल्यासारखा वाटतो आणि चालू झाल्यावर सरकतो. मशीन चालवायला घेण्याआधी मागचं टोक, टेबलचा खांब, हेडस्टॉकचं लॉक, सगळ्यांवर एकदा हात फिरवायचा, दर वेळी.

आणि बंद करायच्या आधी डायल हळूवर आणून मगच स्विच. हे नुसतं पुल्यांसाठी नाही. समजा काल राउटरचं, म्हणजे लाकडात खाचा कोरायचं, काम करून डायल जलदवर सोडला आणि आज १२ इंची चकती लावून स्विच दाबला. ५,२०० फेऱ्यांना त्या चकतीची कड ताशी जवळजवळ ३०० किलोमीटरने फिरते. चकतीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा वेग पुरतो.

दुरुस्तीनंतर वेग खरा किती मिळतोय ते एकदा मोजून घ्या, चमकत्या टेपवर चालणारा डिजिटल टॅकोमीटर स्वस्तात मिळतो. पुल्या उतरवून परत बसवल्या असतील तर हे सोडू नका, आतला दातेरी पंखा एक दात इकडेतिकडे बसला तरी डायलवरच्या खुणा खोट्या पडतात आणि तुम्ही करवतीच्या खुणेवर ठेवून भलत्याच वेगाने कापत राहता.

शेवटचा प्रश्न, जो अमेरिकेतनं सामान आवरून पुण्या-नाशिकला परत जाणारे हमखास विचारतात: कंटेनरमध्ये टाकून नेऊ का? मोटरवरची पट्टी वाचा. फक्त ११५ व्होल्ट लिहिलं असेल तर तिकडे मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० च्या ऐवजी ५० हर्ट्झवर मोटर सहातल्या पाच हिश्शाने फिरते, म्हणजे ७०० ते ५,२०० च्या जागी साधारण ५८० ते ४,३००, आणि तापतेही जास्त. १०ईआर असेल तर मोटर इथेच ठेवा, तिकडे कुठलीही २३० व्होल्टची मोटर त्या जागी टांगता येते, फक्त पुलीचा व्यास आणि फिरायची दिशा बघून घ्या. मार्क फाइव्हची मोटर हेडस्टॉकच्या पोटात असल्यामुळे तिथे हा मार्ग नाही, ते इथेच कुणाला तरी देऊन टाका, आणि देताना डायल हळूवर ठेवून द्या.